पाणी भरू द्या : बुडालेल्या एका हवेच्या शाफ्टची फेरआखणी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापला गेलाय, तरी आज मी सिद्धांत सांगणार नाही. एका शाफ्टबद्दल, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवराबद्दल बोलणार आहे. समोर कोळसा पट्ट्यात आयुष्य काढलेली माणसं आहेत, सिव्हिलवाले आहेत, मागच्या रांगेत विद्यार्थी आहेत. तेव्हा जाणकारांनी मधेमधे थोडं सांभाळून घ्यावं.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, अगदी उत्तरेला, सिगार लेक नावाची युरेनियमची खाण आहे. एप्रिल 2006 मध्ये तिथे दुसऱ्या शाफ्टचं काम 392 मीटर खोलीवर पोचलं होतं. हा शाफ्ट मुख्यतः हवेसाठी आणि अडचणीच्या वेळी माणसं बाहेर काढण्यासाठी. तळाशी पाणी फुटलं आणि शाफ्ट बुडाला. तो पुन्हा कोरडा व्हायला 2009 उजाडलं, खाली नेण्याचं काम सुरू झालं 2011 मध्ये, आणि खाणीच्या 480 मीटरच्या पातळीला तो मिळाला 2012 मध्ये. राहिलेल्या शंभरेक मीटरसाठी सहा वर्षं लागली. ती कशात गेली, हाच आजचा विषय.

आधी जागा समजून घेऊ. या भागाला अथाबास्का खोरं म्हणतात. वर वालुकाश्म, म्हणजे सँडस्टोन, दीड अब्ज वर्षांहून जुना. त्याखाली त्याहून कितीतरी पुरातन, कठीण, स्फटिकी खडक. या दोन्हींच्या सांध्यावर साधारण साडेचारशे मीटर खोलीत युरेनियम साचलंय, आणि ते जगातल्या सगळ्यात समृद्ध साठ्यांपैकी एक आहे. झारखंडातल्या आपल्या जादुगुडाच्या युरेनियम खाणीत टक्क्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी प्रमाणाचं खनिज काढतात. इथे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर आहे. साठा सापडला 1981 मध्ये. इतकं घबाड हाती असून खाण सुरू व्हायला तीस वर्षांहून अधिक काळ का लागला, याचं मुख्य उत्तर पाणी हेच आहे. वरचा वालुकाश्म भेगाळलेला आणि पाण्याने भरलेला, आणि खनिजाच्या आसपासचा खडक बदलून मातकट, भुसभुशीत झालेला. पृष्ठभागावर जिकडे बघावं तिकडे तळी. म्हणजे पाण्याचा स्तंभ जवळजवळ जमिनीपासूनच सुरू होतो आणि खाली साडेचारशे मीटरवर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 45 किलोच्या घरात जातो.

आता हवेकडे. कोळशाच्या खाणीत हवा कशाला लागते ते तुम्हाला ठाऊक आहे, मिथेन पातळ करायला, धूळ आणि उष्णता काढायला. युरेनियमच्या खाणीत आणखी एक पाहुणा असतो, रेडॉन. या वायूचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, 3.8 दिवसांचं. तो एकटा असता तर फारसं बिघडलं नसतं, श्वासातून आत गेला तसा बहुतेक बाहेरही आला असता. त्याच्यापासून पुढे जी मूलद्रव्यं तयार होतात, ती घातक. पोलोनियम-218 चं अर्धायुष्य तीन मिनिटं, शिसं-214 चं सुमारे 27 मिनिटं, बिस्मथ-214 चं 20 मिनिटं. हे कण धुळीला चिकटतात, फुप्फुसात बसतात आणि तिथेच फुटतात. आता हे मिनिटांचे आकडे बघा. हवा खाणीत किती वेळ रेंगाळली यावर सगळं ठरतं. ताजी हवा आली, पाच-दहा मिनिटांत कामाच्या जागेवरून पुढे गेली, तर ही मंडळी जमायलाच सवड मिळत नाही. तासभर घुटमळली तर जमतात. म्हणून तिथला वायुवीजनाचा माणूस नुसतं किती घनमीटर हवा आली ते विचारत नाही, हवा किती जुनी आहे तेही विचारतो. आणि भूजल स्वतःच रेडॉन विरघळवून घेऊन येतं. पाणी खाणीत फुटलं की रेडॉन मोकळा होतो. म्हणजे पाणी वाढलं की हवेची गरजही वाढते.

तरीही प्रकल्पाच्या वेळापत्रकात हवेच्या शाफ्टचं स्थान काय असतं? दुसरं! आधी मुख्य शाफ्ट, त्यातून माणसं, माल, पंप, सगळं. हवेचा शाफ्ट म्हणजे एक भोक आणि वर पंखा, होईल सावकाश, असा एकूण भाव. जागाही बहुधा उरलेली मिळते. वाइंडर (पाळणा वरखाली ओढणारं यंत्र), कार्यशाळा, वीज उपकेंद्र, रस्ता हे सगळं मांडून झालं की नकाशावर जो कोपरा राहतो तिथे एक वर्तुळ काढतात. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही, मीही अशी वर्तुळं काढलीत. मांडणी करताना जमिनीवरचं दिसतं, खालचं दिसत नाही, त्याला इलाज नाही.

दुसऱ्या शाफ्टचा आग्रह कायद्यात आला तो एका अपघातानंतर. 1862 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये नॉर्थंबरलँडच्या हार्टली खाणीत पंपाच्या इंजिनाची प्रचंड लोखंडी तुळई मोडली आणि तिचा तुकडा शाफ्टमध्ये कोसळला. खाणीला तो एकच शाफ्ट. खाली अडकलेल्यांना वर यायला वाटच नव्हती, 204 माणसं आणि मुलं गेली. त्याच वर्षी ब्रिटनने खाणीला दोन वाटा सक्तीच्या केल्या. आपल्याकडच्या नियमांतही दोन स्वतंत्र वाटांची जी अट आहे तिचं मूळ तिथे आहे. सिगार लेकला हवेच्या शाफ्टवर ही दोन्ही कामं होती, हवेचं आणि दुसऱ्या वाटेचं.

आता एप्रिल 2006. पाणी असलेल्या जमिनीत शाफ्ट नेताना आंधळेपणाने खोदत नाहीत. तळावरून पुढे बोअर मारून चाचपतात. आधी बोअरच्या तोंडाशी एक पाइप सिमेंटमध्ये पक्का बसवायचा, त्यावर व्हॉल्व्ह लावायचा, त्यातून ड्रिलचा रॉड आत घालायचा. पाणी लागलं की रॉड मागे घ्यायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि त्याच वाटेने दाबाखाली ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ कालवण भरायचं. वीस-तीस मीटरचा खडक असा बांधून घेतला की त्यातला थोडा भाग खोदायचा, शेवटचे काही मीटर छत्रीसारखे राखून ठेवायचे, पुन्हा चाचपायचं. संथ आणि कंटाळवाणं काम. पण या पद्धतीने जगात शेकडो शाफ्ट उतरलेत.

अशा ठिकाणी पाणी सुटलं तर किती येतं? एक साधं गणित करू. ते सिगार लेकचं मोजमाप नव्हे, कागदावरचा हिशेब आहे. 392 मीटरचा पूर्ण स्तंभ धरला तर पाणी सेकंदाला जवळजवळ 88 मीटर वेगाने बाहेर पडू बघतं. भोक धरा 50 मिलिमीटरचं, दोन बोटं जातील एवढं. आकुंचनाचा गुणांक 0.6 घेतला तर तासाला सुमारे 370 घनमीटर पाणी. शाफ्ट सहा मीटर व्यासाचा धरला तर तो पूर्ण भरायला या गतीने तीस तास लागतात. प्रत्यक्षात पाणी वर चढत जाईल तसा दाबातला फरक कमी होतो, वेग मंदावतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण सांगायचा मुद्दा असा की दोन बोटांच्या भोकाशी तुम्ही हातघाईने झगडू शकत नाही. तिथे जुन्या माणसाची पहिली सूचना एकच असते, माणसं वर घ्या.

आणि मग दुसरी सूचना. ती ऐकून नवख्या इंजिनिअरचा चेहरा पडतो. पाणी भरू द्या.

विदर्भात विहीर खणताना झरा लागला की नारळ फोडतात, आणि शाफ्टमध्ये झरा लागला की आम्ही पळतो. पण पुढचा नियम दोघांना सारखाच आहे, पाणी आपल्या पातळीला आलं की थांबतं. शाफ्टमध्ये आतलं पाणी बाहेरच्या पातळीला पोचलं की भेगेतून वाहणं बंद होतं. शाफ्ट गेला असं सगळे म्हणतात, वर्तमानपत्रात बातमी येते, शेअर पडतो. पण भूतांत्रिक दृष्टीने पाहाल तर परिस्थिती त्या क्षणी सुधारलेली असते. वाहतं पाणी भेग धुऊन मोठी करत होतं, ते थांबलं. अस्तराच्या, म्हणजे शाफ्टच्या आतल्या काँक्रीटच्या भिंतीच्या, दोन्ही बाजूंना दाब सारखा झाला, त्यामुळे ते आत चेपण्याचा धोका टळला. सगळ्यात महत्त्वाचं, आता ग्राउट किंवा काँक्रीट टाकलं तर ते जागेवर बसेल. सेकंदाला ऐंशी मीटरने येणाऱ्या धारेत सिमेंट टाकणं म्हणजे ते वाहून जाण्यासाठीच टाकणं. स्थिर पाण्याखाली मात्र पाइपने तळापर्यंत काँक्रीट सोडता येतं, तळाला बूच मारता येतं, ते पिकलं की हळूहळू पाणी उपसून बघता येतं. फेरआखणीची सुरुवात नवीन ड्रॉइंगने होत नाही, समतोल परत आणण्याने होते. माझं या सगळ्या प्रकरणातलं मुख्य म्हणणं हेच आहे. घाईने पंप वाढवणारा माणूस समतोल येऊच देत नाही. जितकं उपसाल तितका दाबातला फरक राखाल, तितकी भेग मोठी होईल, आणि पुढच्या आठवड्यात आणखी मोठा पंप लागेल.

मग व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न येतो, जागा बदलायची का? शंभर-दोनशे मीटर सरकून नव्याने सुरुवात करू. ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. पण याचं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे. जे लागलं ते स्थानिक आहे की प्रादेशिक? एखादा भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेषा असेल, एखादी गाडली गेलेली जुनी दरी असेल, तर सरकून उपयोग आहे. सिगार लेकला पाणी एका भेगेतून आलं असेल, पण त्या भेगेला पाणी पुरवणारा वालुकाश्म सगळीकडे तोच आहे. नव्या जागी गेलात तर तीच जमीन, तोच दाब, आणि हातचा 392 मीटरचा तयार शाफ्ट गमावून. शिवाय हवेचा शाफ्ट खाली ठरलेल्या बोगद्यांना मिळायचा असतो. वर शंभर मीटर सरकलात की खाली शंभर मीटर बोगदा वाढला, आणि तोही त्याच भिकार खडकात. तिथे जागा बदलली नाही, आणि माझ्या मते ते बरोबर होतं.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो. शाफ्टच्या मध्यावर एक उभा बोअर मारला, कोअर, म्हणजे बोअरमधून निघालेला दगडाचा दांडा, पेटीत भरला, लॉगवर सही झाली, की आपल्याला जमीन कळली असं वाटतं. उभ्या बोअरला उभी भेग भेटत नाही, दोघी समांतर असतात. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये स्तंभाकार सांधे उभे, डाइक, म्हणजे खडकात घुसलेल्या दगडी भिंती, त्याही उभ्या. पंचाहत्तर मिलिमीटरचा बोअर दोन डाइकच्या मधून सरळ निघून जातो, कोअर रिकव्हरी शंभर टक्के, सगळे खूश. मग सहा मीटरचा शाफ्ट त्याच जागी उतरतो आणि भेग त्याच्या अंगावरून जाते. म्हणून एक तरी बोअर तिरका हवा. आणि नुसता कोअर नको, टप्प्याटप्प्याने पाण्याचा दाब देऊन चाचणी हवी, कारण कोअर पेटीत दगड दिसतो, पाणी दिसत नाही. आणखी एक, तपासणीचा बोअर काम झाल्यावर तळापासून सिमेंटने बुजवायचा. तो उघडा राहिला तर वरच्या सगळ्या थरांचं पाणी शाफ्टच्या तळाशी आणणारा नळ आपणच बसवलेला असतो. हे दरवेळी लिहिलेलं असतं आणि दरवेळी राहून जातं.

आता अस्तर. विद्यार्थ्यांनी इथे वही काढायला हरकत नाही. बाहेरून पाण्याचा पूर्ण दाब घेणारं काँक्रीटचं अस्तर किती जाड लागतं? जाड भिंतीच्या नळकांड्याचं लामेचं सूत्र तुम्हाला शिकवलेलं आहे. आतली त्रिज्या 3 मीटर, काँक्रीटचा चालणारा ताण 10 मेगापास्कल धरा. शंभर मीटर खोलीवर दाब 1 मेगापास्कल, जाडी येते सुमारे 35 सेंटिमीटर. ठीक आहे, रोजचं काम. आता चारशे मीटरवर या, दाब 4 मेगापास्कल. जाडी येते 3.7 मीटर! दाब चौपट झाला, जाडी दहापट झाली. आणि दाब 5 मेगापास्कल झाला तर सूत्र सांगतं की कितीही जाडी द्या, पुरणार नाही, कारण आतल्या काठावरचा ताण नेहमी दाबाच्या दुपटीहून जास्तच राहतो. इथे काँक्रीट वाढवून भागत नाही, चांगलं काँक्रीट लागतं. ताण 15 मेगापास्कलपर्यंत नेलात तर चारशे मीटरवर जाडी 1.4 मीटरवर येते. तेही न परवडलं तर ओतीव लोखंडाच्या कड्या, ज्याला टबिंग म्हणतात. याच सस्कॅचेवानात, दक्षिणेला एस्टरहेझीच्या पोटॅशच्या खाणीत तेच करावं लागलं. 1957 मध्ये शाफ्ट सुरू झाला, ब्लेअरमोर नावाच्या पाण्याने भरलेल्या, वाळूसारख्या थरात अडकला, आणि जमीन गोठवून (ती युक्ती पुढे सांगतो) आणि लोखंडी कड्या वापरून पार होईपर्यंत उत्पादनाला 1962 उजाडलं. म्हणजे हा प्रांत शाफ्टवाल्यांना बुडवण्याबद्दल आधीपासूनच प्रसिद्ध आहे.

तिसरा मार्ग दाब घ्यायचाच नाही हा. अस्तराला भोकं ठेवायची, पाणी आत झिरपू द्यायचं, भिंतीवरच्या पन्हाळीसारख्या कड्यांमध्ये गोळा करायचं आणि पंप करायचं. स्वस्त आहे. पण मग पंप खाणीच्या आयुष्यभर चालवावा लागतो, आणि युरेनियमच्या खाणीत झिरपणारं पाणी रेडॉन आणतं, वर नेल्यावर त्यावर प्रक्रियाही करावी लागते.

आणि इथे हवेचा माणूस मध्ये पडतो, पडायलाच हवा. अस्तर जाड करायचं म्हणता, ते कुठल्या बाजूला? बाहेरच्या बाजूला वाढवायचं तर खराब जमिनीत आणखी मोठं भोक खणावं लागतं. आतल्या बाजूला वाढवायचं तर शाफ्ट अरुंद होतो, आणि हवेचा अडथळा व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. सहा मीटरचा पाच मीटर झाला की अडथळा अडीचपट. तेवढीच हवा हवी असेल तर पंख्याला अडीचपट वीज, खाण चालेपर्यंत दररोज. अस्तराचा डिझाइनर काँक्रीटची किंमत एकदाच मोजतो, हवेचा माणूस ती वीस वर्षं भरतो. या दोघांना एका टेबलाशी बसवल्याशिवाय केलेली फेरआखणी म्हणजे एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या ताटात वाढणं. बऱ्याच ठिकाणी दोन वेगवेगळे सल्लागार असतात, दोन वेगवेगळ्या शहरांत, आणि त्यांची गाठ पंखा बसवण्याच्या दिवशी पडते.

सिगार लेकला उरलेल्या भागासाठी जमीन गोठवण्याचा मार्ग घेतला. ही युक्ती जुनी आहे. 1883 मध्ये जर्मनीत पोएट्श नावाच्या इंजिनिअरने तिचं पेटंट घेतलं, तेही वाहत्या वाळूतून शाफ्ट नेण्यासाठीच. तत्त्व सोपं आहे. शाफ्टभोवती गोलाकार बोअर मारायचे, साधारण मीटर-सव्वा मीटर अंतराने. प्रत्येकात एक बंद पाइप, त्यात दुसरा बारीक पाइप, आणि त्यातून उणे तीस अंशाच्या आसपासचं कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण फिरवत ठेवायचं. प्रत्येक पाइपभोवती बर्फाचा खांब जाड होत जातो, खांब एकमेकांना मिळतात, आणि शाफ्टभोवती गोठलेल्या जमिनीचं नळकांडं तयार होतं. पाणी अडतंच, शिवाय गोठलेला खडक ताकदही देतो. आठवडे, कधी महिने लागतात, कारण पाण्याचा बर्फ होताना दर किलोला 334 किलोजूल उष्णता काढून घ्यावी लागते. आणि जमिनीतलं पाणी वाहतं असेल, दिवसाला मीटर-दोन मीटर जरी, तर ते नवी उष्णता आणत राहतं आणि खांब मिळतच नाहीत. बघा, पुन्हा तेच आलं. आधी पाणी स्थिर पाहिजे. शाफ्ट पाण्याने भरू दिला नसता, उपसतच राहिले असते, तर गोठवणंही जमलं नसतं.

भिंत पूर्ण झाली हे कसं ओळखायचं? तापमानाचे बोअर असतात, ते सांगतात. पण दरवेळी मला आवडते ती दुसरी खूण. भविष्यातल्या शाफ्टच्या मध्यावर एक साधा बोअर ठेवलेला असतो, त्यात पाण्याची पातळी रोज मोजतात. आठवडेच्या आठवडे ती बाहेरच्या पातळीसोबत वरखाली होत राहते. मग एके दिवशी ती चढू लागते, आणि थांबत नाही. काही वेळा बोअरच्या तोंडातून पाणी बाहेर सांडतं. कारण नळकांडं मिटलंय, आतलं पाणी कोंडलंय, आणि गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं, त्याला वर येण्यावाचून जागा नाही. पातळी चढली नाही तर समजायचं, भिंतीत कुठेतरी खिडकी राहिली. बहुतेक वेळा खिडकीचं कारण वाकडा बोअर. चारशे मीटरला एक टक्का वाकला तरी तळाशी चार मीटर सरकला. शेजारचा उलट दिशेला वाकला की दोघांमध्ये दार उघडं. म्हणून प्रत्येक बोअरची वाकडी वाट मोजून तळाचा नकाशा काढतात आणि जिथे फट दिसेल तिथे जास्तीचा बोअर मारतात.

सहा वर्षं का लागली त्याचा उरलेला भाग थोडक्यात सांगतो. हवेचा शाफ्ट बुडाला एप्रिलमध्ये. ऑक्टोबर 2006 मध्ये खाली बोगद्यात छत कोसळून पाणी शिरलं आणि मुख्य खाणच बुडाली. माणसं सुखरूप बाहेर आली. ऑगस्ट 2008 मध्ये खाणीतलं पाणी उपसताना 420 मीटरच्या पातळीवर पुन्हा पाणी फुटलं, उपसा थांबवावा लागला, ती फट शोधून बंद केली, आणि खाण रिकामी झाली फेब्रुवारी 2010 मध्ये. म्हणजे हवेच्या शाफ्टची माणसं, ड्रिल, पैसा, सगळं मुख्य खाणीशी वाटून घ्यावं लागत होतं. 2012 मध्ये शाफ्ट मिळाल्यावर त्याच्या मधोमध हवाबंद पडदा उभा केला. एका बाजूने ताजी हवा, दुसऱ्या बाजूने वापरलेली. मार्च 2014 मध्ये पहिलं खनिज निघालं. पाणी फुटण्याआधी घोषित केलेली तारीख 2007 होती. आणि हो, आपला संबंध सांगायचा राहिला, एप्रिल 2015 मध्ये ही खाण चालवणाऱ्या कंपनीने, कॅमेकोने, भारताला पाच वर्षं युरेनियम पुरवण्याचा करार केला.

जमिनीवरच्या मांडणीबद्दल एक-दोन वाक्यं. अशा ठिकाणी गोठवणीचा कारखाना बसतो, त्याला वीज लागते, द्रावणाच्या पाइपांना वाट लागते. उत्तरेकडच्या थंडीत आत घेतलेली हवाही आधी गरम करावी लागते, नाहीतर शाफ्टच्या भिंतीवर बर्फाचे सुळके लोंबतात आणि खाली पडतात. म्हणजे जमीन गोठवायला एक यंत्र आणि हवा तापवायला दुसरं, शेजारी शेजारी. वापरलेली हवा जिथून बाहेर पडते ते तोंड आणि ताजी हवा जिथून ओढतात ते तोंड, वारा बघून लांब ठेवावं लागतं. मूळ मांडणीत शाफ्टभोवती मोकळी जागा राखली नसेल तर ही सगळी यंत्रं कुठे मांडणार? म्हणून मी आता नकाशावरचं ते वर्तुळ काढताना त्याभोवती चाळीस-पन्नास मीटरचं रिकामं कडं मागतो. लोक वाहनतळासाठी भांडतात.

(काही प्रश्न आले. त्यांतले दोन इथे दिले आहेत.)

एका गृहस्थांनी विचारलं, वर्धा खोऱ्यात हे सगळं लागू पडतं का? तत्त्व पडतं, खर्च पडत नाही. आपल्याकडे कोळशावर बहुधा कामठीचा वालुकाश्म असतो, तो चांगला जलधारक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्यावर बेसाल्टची टोपी. खोली शे-दोनशे मीटरची, म्हणजे दाब 1 ते 2 मेगापास्कल. इथे गोठवण्याची गरज क्वचित पडावी, ग्राउटिंगवर काम निघतं. पण कामठीचा काही भाग इतका भुसभुशीत असतो की सिमेंटचे कण त्याच्या छिद्रांत शिरतच नाहीत, तोंडाशी अडकतात. वरून पंप दाखवतो की ग्राउट घेत नाही, आपण समजतो की खडक घट्ट आहे. दोन्हींचं चिन्ह सारखंच दिसतं. अशा वेळी त्याच बोअरमध्ये आधी नुसतं पाणी दाबून बघा. पाणी घेतोय आणि सिमेंट घेत नाही, तर बारीक दळलेलं सिमेंट किंवा रासायनिक ग्राउट लागेल. हा अर्ध्या दिवसाचा खर्च आहे.

एका मुलीने विचारलं, बर्फ नंतर वितळतो तेव्हा काय होतं? छान प्रश्न. अस्तर पक्कं झालं की द्रावण थांबवतात. वितळायला गोठण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कधी वर्षसुद्धा. वितळताना दोन भानगडी होतात. पहिली, फुगलेला खडक आणि अस्तर यांच्यामध्ये बारीक पोकळी राहते, तिच्यातून पाणी वरून खाली धावू शकतं. म्हणून वितळायला सुरुवात झाली की अस्तरामागे पुन्हा ग्राउट भरतात, एकदा नाही, दोन-तीन वेळा, कारण पोकळी टप्प्याटप्प्याने उघडते. दुसरी, गोठवणीचे सगळे पाइप जमिनीतच राहिलेले असतात. शाफ्टभोवती गोलाकार उभे तीस-चाळीस लोखंडी नळ, वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत, आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला ड्रिलने सैल केलेली जागा. तेही एकेक करून भरायचे असतात. ती यादी शेवटच्या नळापर्यंत कोण तपासतं, हे मी साइटवर गेलो की पहिल्यांदा विचारतो, कारण तोवर कंत्राटदाराचं सामान ट्रकवर चढलेलं असतं.